ईएसआयमधले अठरा, बाहेरचे तेरा

वाचकाचा प्रश्न (पत्र थोडक्यात दिलं आहे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत):

एक वाचक ताई आपल्या दिरांबरोबर यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा लहान कारखाना चालवतात. कारखान्यात ३१ माणसं आहेत. १८ जण ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारी कर्मचारी राज्य विमा योजनेत आहेत, १३ जणांचा पगार २१,००० च्या वर गेल्यानं ते बाहेर पडले आहेत. गेल्या वर्षी या १३ पैकी एका जुन्या ऑपरेटरच्या बायकोचं तातडीचं ऑपरेशन करावं लागलं. रुग्णालयात डिपॉझिट भरायला त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून कारखान्यातून मोठी उचल दिली. ती अजून पगारातून कापली जाते आहे. तेव्हापासून ताईंच्या मनात ग्रुप मेडिक्लेम, म्हणजे समूह आरोग्य विमा, घ्यायचं आहे. दोन कोटेशनं आली आहेत, एक आईवडिलांना धरून आणि एक त्यांना वगळून. पहिलं दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त आहे. दीर म्हणतात, ‘एकतीसच्या एकतीस जणांना पॉलिसी काढू आणि ईएसआयची कटकट बंद करू.’ तरुण मुलं म्हणतात, ‘आम्हाला काय होतंय? तेच पैसे पगारात द्या.’ आणि ताईंना धाकधूक आहे, की आपण हप्ता भरायचा आणि माणूस सहा महिन्यांत शेजारच्या कारखान्यात जायचा. दोन वर्षांच्या आत सोडलं तर हप्ता वसूल, अशी अट घालावी का? पत्राच्या शेवटी त्या लिहितात, ‘चांगलं करायला जावं आणि सगळेच नाराज व्हावेत, असं व्हायला नको.’

उत्तर:

ताई, आधी तुमच्या दिरांचं म्हणणं बाजूला काढू, कारण तिथे निवडीला वावच नाही. ज्यांचा पगार ईएसआयच्या मर्यादेत आहे त्यांचा भरणा तुम्हाला करावाच लागतो. खासगी पॉलिसी कितीही भारी घेतली तरी त्यातून सुटका नाही. ‘मला नको’ असं कामगारानं लिहून दिलं तरी त्या कागदाला किंमत नाही. एखादा एजंट ‘हो हो, बंद करता येईल’ म्हणत असेल तर त्याच्याकडून पॉलिसीच घेऊ नका. जो हे चुकीचं सांगतो तो पुढचंही चुकीचं सांगेल.

पण दिरांच्या बोलण्यामागे एक समजूत आहे आणि ती तुमच्या पत्रातही डोकावते. ईएसआय म्हणजे गरिबांची सोय, मेडिक्लेम म्हणजे खरा विमा. म्हणून १८ जण बिचारे आणि १३ जण वर गेलेले. कागदावर पाहिलं तर चित्र जवळजवळ उलटं आहे. ईएसआयमध्ये कामगाराच्या पगारातून ०.७५ टक्के कापले जातात, तुम्ही ३.२५ टक्के भरता आणि त्या बदल्यात उपचारांच्या खर्चाला विमा रकमेसारखी कमाल मर्यादा नसते. अवलंबून असलेले आईवडील त्यात येतात. आधीचा आजार आहे का, कधीपासून आहे, असं कोणी विचारत नाही. शिवाय मेडिक्लेम जे कधीच देत नाही ते ईएसआय देतं, म्हणजे बुडालेल्या मजुरीची भरपाई. भरण्याची अट पूर्ण असेल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के. क्षय, कर्करोग अशा यादीतल्या दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांची मजुरीही तिथूनच येते.

आता तुम्ही म्हणाल, कागदावर सगळं ठीक, पण दवाखान्यातली रांग पाहिली का? ती तक्रार खरी आहे. औषध संपलेलं असतं, रेफरलसाठी हेलपाटे होतात, तज्ज्ञ अमुक वारीच येतात. म्हणून मी असं म्हणत नाही की ईएसआय आहे म्हणजे झालं. पण तुमच्या कारखान्यात खरी पोकळी त्या १३ जणांच्या आयुष्यात आहे आणि ती बढतीनं तयार केली आहे. साडेवीस हजारांचा माणूस साडेएकवीसवर गेला की हातात हजारभर वाढतात आणि पूर्ण कुटुंबाचं छत्र जातं. भरण्याची सहामाही संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंत, तो योजनेत राहतो. त्या भरण्यावरचे लाभ पुढे काही महिने चालतात. मग काही नाही. ही २१,००० ची मर्यादा १ जानेवारी २०१७ पासून आहे तिथेच आहे. पगार वाढत राहिले, मर्यादा जागची हलली नाही, म्हणून अशी मधल्या पट्ट्यातली माणसं जवळजवळ प्रत्येक लहान कारखान्यात सापडतात. तुमचा तो ऑपरेटर दोन-तीन हजार कमी कमावत असता, तर कदाचित उचल मागायची वेळ आलीच नसती.

तर पहिला निर्णय सोपा झाला. पॉलिसी प्रथम या १३ जणांसाठी, कुटुंबासह. ईएसआयमधल्या १८ जणांनाही खासगी पॉलिसी द्यायला कायद्याची आडकाठी नाही. जमेल तेव्हा त्यांच्यासाठी लहान रकमेची जोड द्या, तातडीच्या वेळी जवळचं रुग्णालय गाठता यावं एवढ्यापुरती. पण पैसे मोजके असतील तर ३१ जणांना तुटपुंजं देण्यापेक्षा १३ जणांना नीट द्या आणि हे असं का केलं ते १८ जणांना समोर बसवून सांगा. न सांगता केलंत तर ‘साहेबलोकांना मेडिक्लेम’ असंच कानावर येईल.

एक तपासणी मात्र आधी करून घ्या. सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि वेतन कशाला म्हणायचं याची व्याख्या बदलली. पगारात भत्त्यांचा वाटा किती, यावर २१,००० च्या आसपासच्या माणसांची मोजणी इकडची तिकडे होऊ शकते. तुमचे १३ खरंच १३ आहेत का, हे कामगार कायद्याच्या सल्लागाराकडून लेखी घ्या. नंतर थकबाकीची नोटीस येण्यापेक्षा ते स्वस्त पडतं.

आता ‘रोख द्या’ म्हणणारी मुलं. तुम्हाला त्यांचा थोडा राग आलेला दिसतो, कृतघ्न वाटतात. मला ती हिशेबी वाटतात आणि पंचविशीत त्यांचा हिशेब त्यांच्यापुरता बरोबरही आहे. लग्न व्हायचंय, गाडीचा हप्ता आहे, आजारपण दुसऱ्याला होतं. शिवाय त्यांच्या म्हणण्यात एक वजनदार मुद्दा आहे, जो त्यांनी मांडला नसेल: वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला, समूह पॉलिसीवर मात्र १८ टक्के चालूच आहे आणि तो तुम्हाला सहसा वळताही करून घेता येत नाही. म्हणजे पंचवीस वर्षांच्या निरोगी मुलाला स्वतःची पॉलिसी घेणं खरंच परवडतं.

पण तुमच्याकडे पन्नाशीचेही लोक असणार. मधुमेह असलेला फोरमन स्वतंत्र पॉलिसी घ्यायला गेला तर आधी तपासण्या, मग जादा हप्ता आणि आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबा. कधी सरळ नकार. समूह पॉलिसीचा सगळा फायदा इथे आहे. नीट ठरवून घेतली तर ती आधीच्या आजारांना पहिल्या दिवसापासून धरते, कोणाची तपासणी करत नाही, सगळ्यांना एकदम घेते. विमा कंपनीला हे परवडतं कारण त्या गटात न आजारी पडणारी तरुण मुलंही असतात. ‘ज्याला हवं त्यानं यावं’ असं ठेवलंत तर ज्यांना गरज दिसते तेवढेच येतील, पहिल्याच वर्षी दावे चढतील आणि पुढच्या वर्षी कंपनी असा हप्ता सांगेल की तुम्हीच हात जोडाल. म्हणून कर्मचारी, जोडीदार आणि मुलं एवढं सगळ्यांना सक्तीचं आणि त्याचा खर्च पूर्ण तुमचा. पगारातून त्यासाठी काही कापू नका. या हप्त्याची रक्कम कर्मचाऱ्याच्या करपात्र पगारात धरली जात नाही आणि तुम्हाला ती धंद्याचा खर्च म्हणून दाखवता येते. फक्त रोखीनं भरू नका. तेच पैसे पगारात दिले तर बोनस, पीएफ अशी इतर गणितं हलतात, हेही मुलांना सांगा. पटलं नाही तरी चालेल. सगळ्या गोष्टींना टाळ्या मिळायलाच हव्यात असं नाही.

आणि इथेच तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला खटकतं. सगळे नाराज होऊ नयेत, हे माप लावलंत तर तुम्ही दिखाऊ पॉलिसी घ्याल: विमा रक्कम मोठी, कार्ड चकचकीत आणि आतल्या अटी कोणी न वाचलेल्या. विमा दिल्याच्या दिवशी लोक खूश होतात की नाही, यानं काही ठरत नाही. रात्री अकराला कोणी रुग्णालयाच्या काउंटरवर उभा असेल तेव्हा ते कार्ड चालतं का, हा प्रश्न आहे. त्यासाठी कोटेशनच्या पहिल्या पानावरून नजर काढून मागच्या पानांवर या.

मागच्या पानांवरची सगळ्यात घातक ओळ खोलीभाड्याची असते. बहुतेकांना वाटतं, खोलीची मर्यादा ओलांडली तर वरचा फरक आपण भरायचा, एवढंच. तसं नसतं. समजा विमा रक्कम ३ लाख आणि खोलीभाड्याची मर्यादा रोज १ टक्का, म्हणजे ३,०००. रुग्णालयात स्वस्त खोली रिकामी नव्हती म्हणून तुमचा माणूस ६,००० च्या खोलीत पाच दिवस राहिला. बिल झालं अडीच लाख: खोली ३० हजार, शस्त्रक्रिया, डॉक्टर, नर्सिंग, ऑपरेशन थिएटर मिळून १ लाख ६० हजार, औषधं आणि तपासण्या ६० हजार. खोली दुप्पट भाड्याची, म्हणून विमा कंपनी खोलीचे निम्मे तर देतेच, पण शस्त्रक्रिया-डॉक्टरांच्या बिलाचेही निम्मेच देते. औषधं, तपासण्या, बसवलेली उपकरणं आणि अतिदक्षता विभाग यांना ही कात्री लावता येत नाही, तेवढाच दिलासा. हिशेब करा: १५ हजार, ८० हजार आणि ६० हजार, एकूण १ लाख ५५ हजार मिळाले. ९५ हजार त्याच्या खिशातून. विमा रक्कम तीन लाख, बिल अडीच लाख आणि तरी तो पुन्हा तुमच्या दारात उचल मागायला.

म्हणून ब्रोकरला सांगा, की विमा रक्कम पाचऐवजी तीन लाख केली तरी चालेल, पण खोलीची मर्यादा काढ. नाहीतर ‘सिंगल प्रायव्हेट खोली’ असे शब्द घाल, आकडा नको. हे मागितल्यावर हप्ता वाढेल. वाढू द्या. मोठ्या आकड्याला भुलून फाटकी पॉलिसी घेण्यापेक्षा लहान आणि धड पॉलिसी बरी, हे माझं ठाम मत आहे.

बाकीच्या अटी भराभर सांगते. आधीच्या आजारांची आणि पहिल्या तीस दिवसांची प्रतीक्षा माफ आहे हे लेखी हवं. बाळंतपण धरलं असेल तर नऊ महिन्यांची प्रतीक्षा माफ आणि बाळ पहिल्या दिवसापासून विम्यात. दाव्यातला ठरावीक टक्का माणसानं भरायचा, ही को-पेची अट शक्यतो नको. मोतीबिंदू, हर्निया, गुडघा अशा शस्त्रक्रियांना वेगळ्या छोट्या मर्यादा घातल्यात का, ते पाहा. आणि तुमच्या माणसांच्या घराजवळची रुग्णालयं कॅशलेसच्या यादीत आहेत का, हे यादी वाचून नव्हे तर रुग्णालयाच्या विमा काउंटरला फोन करून विचारा. यादीत नाव असतं आणि काउंटरवर ‘सध्या या कंपनीचं घेत नाही’ म्हणतात, हे नेहमीचं आहे.

आईवडिलांचा प्रश्न अवघड आहे आणि त्यावर मी तुम्हाला गोड उत्तर देणार नाही. तुमच्या खर्चानं त्यांना मुख्य पॉलिसीत घेऊ नका. त्यांच्या बाजूनं दावे जास्त येणार हे उघड आहे. दोन मोठी आजारपणं झाली की पुढच्या वर्षीचा हप्ता सगळ्या गटाचा वाढतो आणि मग तुम्ही वैतागून सगळंच बंद कराल. त्यात नुकसान त्यांच्या मुलाबाळांचं. आईवडिलांसाठी वेगळी, ऐच्छिक समूह पॉलिसी मागा. हप्ता कर्मचाऱ्यानं भरायचा, जमलं तर तुम्ही काही वाटा उचलायचा, कपात हप्त्याहप्त्यानं आणि लेखी संमती घेऊन. जुन्या करपद्धतीत राहणाऱ्याला स्वतः भरलेल्या वाट्यावर सवलतही मिळते. ही पॉलिसी महाग असेल, को-पे असेल आणि सगळ्यांना झेपणार नाही. तसं त्यांना आधीच सांगा.

पण त्याआधी एक गोष्ट करा, जिला पैसे लागत नाहीत. ज्यांचे आईवडील ७० किंवा त्याहून मोठे आहेत त्यांची यादी काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेत ७० आणि त्यावरच्या सगळ्यांना, उत्पन्न कितीही असलं तरी, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. खासगी विमा असला किंवा ईएसआय असलं तरी हे कार्ड काढता येतं. नोंदणी आधारवर होते. महाराष्ट्रात असाल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनाही आता केवळ पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती उरलेली नाही. दोन्हीकडे संलग्न रुग्णालय आणि ठरलेले उपचार एवढ्यातच काम होतं, सगळीकडे नाही. तरी ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्यासाठी ते पुष्कळ आहे. ऑफिसातल्या कोणाला तरी दोन दुपारी हेच काम द्या: माणसाला बसवायचं, फोनवरून नोंदणी करून द्यायची, कार्ड छापून हातात द्यायचं. साठ ते सत्तरमधल्या आईवडिलांची अडचण मात्र यानं सुटत नाही. ऐच्छिक पॉलिसीचा उपयोग मुख्यतः त्यांनाच.

दोन वर्षांच्या अटीबद्दल विचारलंत. नका घालू. माणूस सोडून गेला की त्याचं नाव पॉलिसीतून काढायचं असतं आणि त्याच्या कुटुंबानं दावा घेतला नसेल तर उरलेल्या महिन्यांचा हप्ता साधारणपणे परत मिळतो किंवा नव्या माणसाच्या नावावर वळवता येतो. म्हणजे तुम्हाला वाटतं तेवढं नुकसान होत नाही. दुसरं असं, की ज्याच्या घरी आजारपण आहे तो तसाही नोकरी सोडताना दहादा विचार करतो. त्याच्या अडचणीवर आपण कुलूप लावायचं आणि त्याला निष्ठा म्हणायचं, हे बरं दिसत नाही. शेजारचा कारखाना जास्त पगार देत असेल तर विम्यानं ती गळती थांबत नाही. ती पगारानं, नाहीतर तुमच्या दिरांच्या बोलण्याच्या पद्धतीनं थांबेल. (पत्रात त्यांची दोन वाक्यं आलीत, तेवढ्यावरून हे लिहायला नको होतं कदाचित. तरी राहू दे.)

उचलीचंही इथेच सांगते, कारण तुम्ही तिचा उल्लेख केलात पण प्रश्न विचारला नाहीत. ती पॉलिसीशी जोडू नका. ‘तुला आता विमा दिलाय, उचल लवकर फेड’ असं चुकूनही त्याच्या कानावर जाऊ नये. कपातीचा हप्ता त्याला जड जातोय का, हे एकदा विचारा आणि जात असेल तर मुदत वाढवा.

आता एक गोष्ट, जी पत्रात कुठेच नाही आणि तुमच्या धंद्यात ती असायलाच हवी होती. मशीनवर हात सापडला तर? ईएसआयमधल्या माणसाला अपंगत्वाचा लाभ तिथून मिळतो, तात्पुरत्या अपंगत्वात मजुरीच्या ९० टक्के. बाहेरच्या १३ जणांच्या बाबतीत कामावरच्या अपघाताची भरपाई ही कायद्यानं थेट मालकाची जबाबदारी आहे. मेडिक्लेम फार तर रुग्णालयाचं बिल देईल. गेलेल्या बोटांची, थांबलेल्या मजुरीची किंवा मृत्यूची भरपाई देणार नाही. त्यासाठी वेगळी पॉलिसी असते, बाजारात तिला अजून ‘वर्कमेन कॉम्पेन्सेशन’ किंवा नुसतं ‘डब्ल्यूसी’ म्हणतात. ती नसेल तर मेडिक्लेमच्या आधी ती घ्या. आधी म्हणजे खरंच आधी, याच आठवड्यात. तसंच १३ जणांमध्ये कोणी स्त्री असेल तर बाळंतपणाच्या रजेचा २६ आठवड्यांचा पगार तुम्हाला द्यावा लागतो. पॉलिसीतलं बाळंतपण म्हणजे फक्त प्रसूतीचा खर्च.

पॉलिसी घेतल्यावरची वर्षं अवघड असतात. पहिल्या वर्षीचा हप्ता बहुतेक वेळा गोड असतो. कंपनीला तुमचं खातं हवं असतं. दुसऱ्या वर्षी ती दाव्यांचा हिशेब मांडते. हप्ता चार लाख भरला आणि दावे सहा लाखांचे झाले, तर ती काय म्हणेल हे सांगायला नको. म्हणून पहिल्या वर्षी तुमच्या कुवतीच्या टोकाला जाऊ नका. पुढच्या वर्षी दीडपट झाला तरी भरता येईल, एवढ्यावर थांबा. एकदा दिलेला विमा काढून घेणं हे न देण्यापेक्षा वाईट. त्या एका वर्षात कोणीतरी स्वतःची पॉलिसी बंद केलेली असते.

नूतनीकरणाच्या वेळी कंपनी किंवा टीपीए, म्हणजे कंपनीच्या वतीनं दावे हाताळणारी संस्था, दाव्यांची यादी पाठवते आणि इथे तुमची खरी परीक्षा आहे. त्या यादीत कोणाच्या घरी काय आजार झाला, किती खर्च आला, हे दिसू शकतं. तुमच्या दिरांना ते दिसलं की ‘हा एकटाच लाखाला पडला’ असा विचार मनात येणारच, माणूस आहे. मग पगारवाढीच्या वेळी तो विचार हळूच बाहेर येतो. नवी भरती करताना पंचेचाळिशीच्या उमेदवाराकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं जातं. म्हणून ब्रोकरला सांगून ठेवा, की आम्हाला नावांशिवायचे एकूण आकडे दे. दाव्यांची कागदपत्रं कर्मचाऱ्यानं थेट टीपीएकडे पाठवावीत, तुमच्या टेबलावरून जायला नकोत. एखाद्याला मनोविकाराचे उपचार किंवा गर्भपात झाला असेल आणि ते मालकिणीला कळेल अशी भीती असेल, तर तो माणूस विमा असूनही वापरणार नाही.

हे सगळं कोण सांभाळणार, तेही ठरवा. ‘ब्रोकर बघेल’ हे उत्तर पुरेसं नाही. तुमच्या ऑफिसातला एक माणूस असा हवा, ज्याचा फोन रात्री लागतो आणि ज्याला तीन गोष्टी पाठ आहेत: कार्ड कुठे आहे, टीपीएचा नंबर काय, तातडीच्या भरतीची सूचना किती तासांत द्यायची. २०२४ च्या परिपत्रकात विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, सांगितलं आहे की कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा. हे माहीत असलेला माणूस काउंटरवर ठामपणे बोलू शकतो. दावा चुकीचा नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्याभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. तिथे ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी चालतात, फी नाही, वकील लागत नाही आणि समूह पॉलिसीतला माणूसही जाऊ शकतो.

तुमच्या माणसांना एक गोष्ट स्पष्ट शब्दांत सांगून टाका, कारण ती कोणीच सांगत नाही: हा विमा नोकरीपुरता आहे. शेवटच्या दिवशी तो संपतो. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त होणारा माणूस त्या दिवशी विम्याशिवाय घरी जातो आणि तेव्हाच त्याला विमा सगळ्यात महाग पडतो. समूह पॉलिसीतून बाहेर पडताना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं आणि समूहातली वर्षं प्रतीक्षेच्या काळातून वजा होतात. मात्र अर्ज वेळेत करावा लागतो. पॉलिसी संपून गेल्यावर जाग आली तर उपयोग नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी तर जमेल तेवढी लहान का होईना, स्वतःची पॉलिसी आत्तापासून चालू ठेवावी. ज्यांची आधीपासून आहे त्यांनी ‘आता कंपनीचा आहे’ म्हणून ती बंद करू नये. नोकरदार वाचकांनो, हे तुमच्यासाठीही. तुमच्या कंपनीनं काय दिलंय ते कार्ड मागून घ्या आणि खोलीभाड्याची ओळ आज वाचा.

राहिला प्रश्न, कधी सुरू करायचं. आर्थिक वर्ष संपतंय म्हणून घाईत सही करू नका. आधी यादी नीट करा. प्रत्येकाचं, जोडीदाराचं, मुलांचं नाव आधारप्रमाणे, जन्मतारखेसह, त्याच्या स्वतःच्या हातानं तपासून. वर्षाच्या मध्ये नवं नाव घालायला कंपन्या साधारण तीनच कारणं मानतात: नवी नोकरी, नवं लग्न, नवं बाळ, तेही बहुधा तीस दिवसांत कळवलं तर. सुरुवातीला राहून गेलेलं बायकोचं नाव पुढच्या नूतनीकरणापर्यंत राहूनच जातं. यादी पक्की झाली की दोन्ही कोटेशनवाल्यांना आणि आणखी एखाद्याला तीच यादी, त्याच अटी देऊन पुन्हा भाव मागवा, म्हणजे तुलना सारख्याची सारख्याशी होईल. आणि पॉलिसीची प्रत आल्यावर मान्य केलेली प्रत्येक सूट तिच्यात छापून आली आहे का, ते ओळीला ओळ लावून पाहा. नसेल तर पैसे देण्याआधी दुरुस्त करून घ्या.